मधला वासा

कार्तिकातल्या वादळाने खारशेत गावात कुणाचं काय नेलं, हे लोक पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होते. पण रघूच्या सगुणाइतकं रंगवून ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तिचं सांगणं थेट मध्यावरूनच सुरू व्हायचं.

"आधी पडवी उठली! कोंबडी कशी पंख पसरून उठते, तश्शी!" असं म्हणून ती दोन्ही हात पसरायची आणि ऐकणारा एक पाऊल मागे सरायचा. "आणि उठली ती एकटी नाही उठली. तिनं घराला धरलं. घर म्हणतंय सोड, ही म्हणतेय नाही सोडत. करकर करकर करत वासे निघाले, आढं गेलं, आणि आम्ही सगळे कणगीच्या आडोशाला डोक्यावर घोंगड्या घेऊन!"

माणसाला साधं खरचटलंही नव्हतं म्हणून हे हसत सांगता येत होतं. घराच्या भिंती मात्र उघड्या पडल्या होत्या. एका कोपऱ्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप टाकून त्याखाली सगळं बिऱ्हाड राहत होतं: सगुणाचा बाप रघू, आई काशी, रघूचा थोरला भाऊ बाबाजी आणि त्याची बायको राही. बाबाजीला मूलबाळ नव्हतं. सगुणा बापाला आबा आणि बाबाजीला मोठे आबा म्हणायची, आणि घरातला शेवटचा शब्द मोठ्या आबांचा असायचा.

तो शब्द त्याने वादळाच्या दुसऱ्या दिवशीच टाकला होता. "मिरगाच्या आत घर शाकारलं तर ठीक. न्हाय तर बायका आन् पोर पालीला, काशीच्या भावाकडं. झापाखाली पावसाळा काढायचा न्हाय."

काशीला ते बरंच वाटलं. "बल्लाळेश्वराच्या पायाशी राहील पोर," ती म्हणाली.

सगुणाला मात्र ते नको होतं. पालीच्या मामीला ती पुरती ओळखून होती. दिवाळीला आली तेव्हाच मामीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हटलं होतं, "एवढी घोडी झाली, आन् अजून पाटीदप्तर?" मामीच्या पाहण्यात एक मुलगाही होता. सगुणा सहावीत होती. मुलांच्या शाळेत शेवटच्या ओळीत बसून तिने सगळ्या पोरांना गणितात मागे टाकलं होतं, आणि पुढल्या वर्षी सातवीच्या फायनल परीक्षेला बसवीन असं मास्तरांनी कबूल केलं होतं. एकदा पालीला गेलं की परत येणं हळदीच्या अंगानेच, हे तिला कुणी सांगायला नको होतं. म्हणून तिने मनाशी पक्कं करून टाकलं. मिरगाच्या आत छप्पर! कसंही करून छप्पर!

पौषात सरकारातून एक ओव्हरसियर आला. डोक्यावर हॅट, हातात लांब काळी छत्री, आणि आवाज असा की चावडीवरचे कावळे उडाले. जंगलातलं लाकूड तोडायचा परवाना आणि दिघीच्या बंदरात उतरलेली मंगळुरी कौलं, दोन्ही नव्या नियमाने छप्पर करील त्यालाच मिळणार होती. सगुणा बायकांत उभी राहून ऐकत होती.

"वासे भिंतीवरच्या लाकडी पाटाला नुसते टेकवायचे नाहीत. लोखंडी पट्टीने जखडायचे!"

"लोखंड कुठनं आणू, सायेब?"

"नसेल तर सुंभाने. सुंभ भिजवून, ओलं असताना आवळायचं. वळचणीची कौलं तारेने बांधायची. आणि वळचण हातभरापेक्षा पुढे काढायची नाही, वाऱ्याला धरायला तीच सापडते."

"मंग भिंती भिजत्याल की!"

"झाप बांधा. भिंत भिजली तर वाळते, छप्पर उडालं तर वाळत नाही." लोक हसले. मग त्याने छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. "आणि शेवटचं. पडवी घरापासून तोडायची. पडवीचं छप्पर तिच्या स्वतःच्या खांबांवर, घराच्या वळचणीखाली, मध्ये वीतभर फट. एकही लाकूड दोन्हीकडे जोडलेलं चालणार नाही. वारा आलाच तर पडवी जाईल, घर राहील."

हसू थांबलं. कुणी कुणाकडे पाहीना.

कारण खारशेतात घराचं पाखं, म्हणजे छपराचा उतार, एकसंध असायचा. आढ्यापासून निघालेला उतार घरावरून पडवीवरून थेट अंगणापर्यंत यायचा आणि त्यावर कुठे सांधा दिसला तर लोक एकच समजायचे. पाख्याला करवत लागते ती भावाभावांत वाटण्या झाल्या की. भांडी नंतर वाटतात, शेतं त्याहून नंतर. आधी सुतार वर चढतो आणि पाखं तोडतो, म्हणजे गावाला न सांगता कळतं.

"आमच्या घराला करवत लागणार न्हाय," बाबाजी घरी येताच म्हणाला.

"पण मोठे आबा, वाटणीची करवत उभी असते!" सगुणा तावातावाने म्हणाली. "आढ्यापासून खाली. ही आडवी हाय. उभी वेगळी, आडवी वेगळी!"

"करवतीला उभं-आडवं कळत न्हाय, पोरी."

रघू खाली बघून सुंभ वळत राहिला. थोरल्या भावापुढे तो सहसा बोलत नसे.

सगुणा दोन दिवस धुमसली. तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावरून वारा सुटला तशी ती अंगणात दोन सुपं आणि एक टोपली घेऊन उतरली आणि सगळ्यांना हाका मारल्या. शेजारची आवडाबाई न बोलावताच कुंपणाशी येऊन उभी राहिली. गावात काही व्हायचं आणि ते आवडाबाईने पाहायचं नाही असं होत नसे.

"ही टोपली म्हणजे घर," सगुणा टोपली पालथी घालत म्हणाली. "हे सूप म्हणजे पडवी. आता ही पडवी घराला बांधली, आपली होती तशी." तिने सूप टोपलीला सुतळीने घट्ट बांधलं आणि हात काढला. वारा सुपाखाली शिरला, सूप उठलं आणि टोपलीला घेऊन गडगडत गोठ्यापर्यंत गेलं.

"आणि आता न बांधता!" तिने टोपली जागेवर आणली, दुसरं सूप तिला नुसतं टेकवलं. वारा आला. सूप उडालं ते भिरभिरत कुंपणापार. टोपली होती तिथेच बसून राहिली.

"अगं, माझं सूप न्हाय ना त्ये?" आवडाबाई ओरडली.

"तुमचंच हाय! आमची सुपं वादळानं नेली!"

काशी पदराने हसू लपवायला लागली. रघूसुद्धा हसला. बाबाजी हसला नाही. त्याने जागच्या टोपलीकडे एकदा बघितलं आणि लगेच म्हणाला, "बरं. सायेब म्हनतो तसं करा."

एवढंच! ना वाद, ना अट. सगुणाने अंगणात गिरकी घेतली. रघूचं हसू मात्र का कुणास ठाऊक, मावळलं. त्याने भावाकडे एकदा पाहिलं आणि तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

माघ-फाल्गुनात काम उभं राहिलं. गावचा सुतार नामा वासे तासायचा आणि शाळा सुटली की सगुणा खाडीच्या पाण्यात सुंभ भिजवून त्याला वर नेऊन द्यायची. ओलं सुंभ आवळताना हात सोलून निघत. पण दुसऱ्या दिवशी ते वाळून असं करकचून बसलेलं असायचं की गाठीत खिळा शिरू नये. "ही गाठ माझी," ती नामाला दाखवायची, "आणि ही पण माझी!"

"मंग काय, घर तूच बांधलंस म्हन की," नामा म्हणायचा. "मी आपला चहा प्यायलाच येतो."

सांगाडा तयार झाला तसा ओव्हरसियर आला. त्याने वासे हलवून पाहिले, गाठी पाहिल्या. शेवटी शिडीवर चढून त्याने आपली छत्री घर आणि पडवीच्या मधल्या फटीत घातली आणि शिडी सरकवायला लावत, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. छत्री कुठेच अडली नाही. "कौलं घाला," तो म्हणाला. "पावसाच्या आधी मी पुन्हा येईन. तेव्हाही छत्री अशीच गेली तर चौकटीवर डांबराची खूण. नाही गेली तर कौलं उतरवून परत."

चैत्र संपता संपता कौलं चढली. लाल, नवीकोरी! सगुणा शाळेतून येताना वाट वाकडी करून टेकाडावर चढायची, केवळ वरून आपलं घर पाहायला.

आणि एका सकाळी, शाळा नव्हती म्हणून, तिला ओव्हरसियर व्हायची हुक्की आली. तिने डोक्यावर टोपली घातली, आबाची छत्री घेतली आणि शिडीवर उभी राहून जाड आवाज काढला. "वळचण हातभर! सुंभ भिजवून!" खाली राही आणि काशी तांदूळ निवडत खिदळत होत्या. सगुणाने छत्री फटीत घातली आणि शिडी सरकवत सरकवत निघाली. "भिंत भिजली तर वाळते, छप्पर..."

टक्.

छत्री अडली. तिने मागे घेऊन पुन्हा ढकलली. टक्. तिने फटीत हात घातला. अंधारात, बरोब्बर मध्यावर, हाताला लाकूड लागलं. गोल, तासलेलं, नवं. घराच्या छपराखालून निघालेला एक लांब वासा फट ओलांडून पडवीत उतरला होता आणि दोन्हीकडे खुंट्या ठोकून पक्का केला होता.

"काय गं सायेब, थांबलात का?" राहीने खालून विचारलं.

"काय न्हाय," सगुणा म्हणाली आणि टोपली काढून खाली उतरली.

ती थेट नामाच्या अंगणात गेली. "नामाकाका, मधला वासा लांब कसा?"

नामाचा रंधा थांबला. "माझ्या हातनं झाला म्हंजे माझ्या मनानं झाला असं न्हाय," तो खाली बघत म्हणाला. "कौलं चढवताना ज्यानं घालाय लावला, त्याला इचार. तुझा बाप त्या दिशी बंदरावर गेलेला."

मग कुणाला विचारायचं ते उघडच होतं.

शेताकडे जाताना सगुणाच्या डोक्यात नुसती झटापट चालली होती. काही बोललंच नाही तर? घर तर शाकारलं होतं. पाली टळली होती. ओव्हरसियर दुसऱ्यांदा छत्री घालेलच कशावरून? आणि बोललं, कौलं उतरवावी लागली, मोठे आबा रागावून बसले, काम रेंगाळलं आणि मिरग आला, तर मामी होतीच वाट बघत. गप्प बसलं की शाळा! किती सोपं! पण पाय थांबत नव्हते. ते आपले बांधावरून चालतच होते.

बाबाजी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होता. पालापाचोळ्याच्या धुरात त्याचे डोळे लाल झाले होते.

"मोठे आबा, मधला वासा काढायला पाहिजे."

तो काठीने पाला सारखा करत राहिला. मग म्हणाला, "शेजारचं जोतं पायलंस ना? ज्याच्यावर निवडुंग उगवलाय?"

"व्हय."

"त्ये आपल्याच घराचं अर्धं हाय. माझ्या बापाचा भाऊ तिथं राह्यचा. मी तुझ्यापरीस ल्हान व्हतो तवा सुतार वर चढला. दोघं भाऊ अंगणात पाठीला पाठ लावून हुबे. वर बगितलं न्हाय दोघांनी. त्यानंतर कवा बोलले पन न्हाय. चुलता मेला तरी माझ्या बापानं दार उघडलं न्हाय." त्याने काठी टेकली. "नियम पाळला की मी. फकस्त एक वासा ठेवला. घर एक हाय, ह्ये देवाला तरी दिसूदे म्हनून."

"देवाला दिसतंय, तर वाऱ्याला पण दिसंल," सगुणा म्हणाली. ती धुरातून एक पाऊल पुढे आली. "वादळात पडवीनं घराला धा हातांनी धरलं होतं, आता एका हातानं धरंल. पण धरंल! आणि पडवीत त्या वाशाखाली निजतं कोण? तुम्ही आणि आबा."

"कौलं उतरवायची म्हंजे परत सगळं आलं. पाऊस आधी आला तर तुझी शाळा जाईल, त्ये कळतंय का?"

"कळतंय."

"आन् तरी?"

"शाळेत बसून दर वाऱ्याला तुमच्याच नावानं घाबरायचं, त्ये मला जमायचं न्हाय." तिने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं. "मी आबांना सांगणार न्हाय. तुम्ही सांगायचं."

धुरातून दोघं घरी आली. रघू अंगणात बैलाची वेसण बघत होता. बाबाजीने त्याला जे होतं ते सरळ सांगितलं. सगुणाला वाटलं, आता आबा भडकणार. आणि रघू खरंच भडकला, पण भलत्याच गोष्टीवर.

"म्हंजे तुला पडवी तोडायची नव्हती, दादा?"

"मी कशाला तोडू?"

"मंग त्या सुपाच्या दिशी फट्कन बरं म्हनालास त्ये? मला वाटलं, ह्याला येगळं व्हायाचंय आन् नियमाचं निमित गावलंय! पौषापासनं मी हेच मनात धरून बसलोय. घास उतरत न्हाय गळ्याखाली!"

"गाढवा," बाबाजी म्हणाला. "इचारायचं न्हाय?"

"तू इचारलंस व्हय मला, वासा घालताना?"

 बाबाजीने खांद्यावरचं पटकूर झटकलं. "सगुणे, नामाला बोलाव. करवत घेऊन ये म्हनावं. मोठी."

नामा मोठी करवत घेऊन आला, दोन टोकांना दोन मुठी असलेली. फटीतून आडवी चालायला तीच सोयीची होती, पण तिला माणसं दोन लागायची. मधल्या रांगांची कौलं उतरवून झाली तोवर अर्धा गाव कुंपणाशी जमला होता, सगळ्यांच्या पुढे अर्थातच आवडाबाई. नामा एका शिडीवर चढला, एक मूठ धरली आणि खाली बघून म्हणाला, "माझा जोडीदार तर गेलाय सासुरवाडीला. दुसरी मूठ धरतो कोन?"

बाबाजी दुसऱ्या शिडीवर चढला आणि त्याने मूठ धरली. करवत वाशाला लागली. पहिलाच ओढा घेतला असेल नसेल, तोच रघू नामाच्या शिडीपाशी गेला.

"नामा, उतर."

"अरे, पन..."

"उतर म्हनतो ना. माझ्या भावासंगं मी वडतो."

नामा उतरला, रघू चढला. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडायचं, की मग त्याने ओढायचं, याने सोडायचं. पहिल्यांदा करवत अडखळली, वाकली. "आवळू नगंस," बाबाजी म्हणाला. "तू ढकलू नगंस," रघू म्हणाला. आणि मग तिला लय सापडली. पिवळा भुसा खाली सगुणाच्या केसांवर पडायला लागला.

"अगं बाई!" आवडाबाईने तोंडावर हात घेतला. "झाल्या म्हनायच्या वाटण्या!"

सगुणा गर्रकन वळली. "आवडामावशी, वाटण्या झाल्या असत्या तर दोघांनी एकच करवत धरली असती व्हय? धरून दाखवा बघू तुमच्या जावेबरोबर!"

कुंपणाशी असा हशा पिकला की आवडाबाईची जाऊसुद्धा हसली, आणि ती तिथेच उभी होती.

वासा सुटला. पडवी एकदा कण्हल्यासारखी करकरली, किंचित खाली बसली आणि आपल्या खांबांवर थांबली. घर हललंसुद्धा नाही. सगुणाने आबाची छत्री उचलली, शिडीवर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फटीतून नेली. कुठेही टक् झालं नाही. काढलेली कौलं तिन्हीसांजेच्या आत परत चढली. चढवायला हात इतके आले की नामा नुसता ओरडतच राहिला.

ओव्हरसियर आला तेव्हा आभाळ आलं होतं. त्याने छत्री नेली, उतरला आणि अंगणाच्या कडेला झाडून ठेवलेल्या भुशाकडे बघत म्हणाला, "हा भुसा ताजा दिसतो."

बाबाजी पुढे झाला. पण त्याच्याआधी सगुणा बोलून गेली. "मधला वासा जरा लांब झाला होता, साहेब. काढला."

"किती लांब?"

"माझ्यायेवढा," बाबाजी म्हणाला. "मीच घातलेला. आमी दोघांनी काढला."

ओव्हरसियरने एकदा त्या दोघांकडे पाहिलं, एकदा सगुणाकडे. मग डांबराचा डबा मागवला आणि चौकटीवर ठसठशीत खूण केली. "या मुलीला शाळेत ठेवा," तो जाता जाता म्हणाला. "आमच्या खात्यात डोळे कमी आहेत."

घराच्या छपराखालून ओढून काढलेला वाशाचा लांब तुकडा बरेच दिवस भिंतीशी पडून होता. जाळू कुणी देईना. शेवटी बाबाजीने तो घराच्या पुढच्या दाराला लावून पाहिला. दोन भावांचं घर, दार एकच, आणि अडसर म्हणून तो असा नेमका बसला की तासावंही लागलं नाही.

आषाढात एकदा दिवसभर वारा घोंगावला. पडवीच्या कोपऱ्यातली कौलं उडाली आणि आवडाबाईच्या कुंपणात पडली. ती आपल्या सुपाचा हिशेब आता चुकता झाला म्हणत कौलं घेऊनही गेली. घराचं एक कौल हललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही वारा होताच. सगुणाने पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, दप्तर पोटाशी धरलं आणि दाराशी आली.

"अगं, बघ कसा वारा हाय," काशी चुलीपुढून म्हणाली. "आज ऱ्हाऊदे शाळा."

"मग छप्पर कशासाठी घातलं?" सगुणा म्हणाली. तिने दोन्ही हातांनी अडसर उचलून भिंतीला उभा केला आणि दार उघडलं.